गुडघ्याचा एमआरआय: मेनिस्कसमधला (गुडघ्यातल्या गादीतला) पांढरा पट्टा म्हणजे टेअर (फाट) की नाही, कसं ठरवायचं?

परळचा_रेसिडेंट

नमस्कार. रेडिओलॉजीचं दुसरं वर्ष. गुडघ्याच्या एमआरआयमध्ये एसीएल (पुढचं क्रुशिएट लिगामेंट), हाडातला एडिमा (सूज), बेकर सिस्ट (गुडघ्यामागची पाण्याची गाठ) हे जमतं, पण मेनिस्कसपाशी गाडी अडते. उदाहरण देतो. ३८ वर्षांचा पुरुष, कबड्डी खेळतो, दोन महिने गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखतंय, गुडघा अडकत नाही, एसीएल शाबूत. मशीन १.५ टेस्ला, ३ मिमी स्लाइस.

पीडी फॅट सॅटवर (चरबीचा सिग्नल दाबलेल्या प्रोटॉन डेन्सिटी सीक्वेन्सवर) मीडियल (आतल्या बाजूच्या) मेनिस्कसच्या पोस्टिरियर हॉर्नमध्ये (मागच्या टोकात) तिरका पांढरा पट्टा आहे. एका सॅजिटल (बाजूने पाहिलेल्या) स्लाइसवर तो खालच्या कडेला टेकल्यासारखा वाटतो, शेजारच्या स्लाइसवर नाही. लॅटरलचा (बाहेरच्या मेनिस्कसचा) पोस्टिरियर हॉर्न रूटकडे (हाडाला चिकटण्याच्या जागेकडे) जाताना करडा झालाय. शिवाय लॅटरलच्याच अँटिरियर हॉर्नपासून (पुढच्या टोकापासून) एक काळा ठिपका सुटा झाल्यासारखा दिसतो.

यातलं खरं काय आणि फसवं काय? ‘ग्रेड २-३’ लिहिलं तर चालेल का? आणि बो-टाय नेमके किती मोजायचे? जो तो वेगळा आकडा सांगतो.

गुडघेवाचक

सिग्नल थोडा वेळ बाजूला ठेवा, आधी आकार बघा. पांढऱ्या पट्ट्यावर नजर खिळली की पट्टाच नसलेले टेअर हमखास सुटतात, आणि गुडघा अडकवणारे टेअर बहुतेक वेळा तेच असतात.

सॅजिटलवर बाहेरच्या कडेपासून सुरुवात करा. मेनिस्कसची बॉडी (मधला भाग) कापली जाते तिथे बो-टाय दिसतो, आत सरकलं की त्याचे दोन काळे त्रिकोण होतात. मीडियलमध्ये मागचा त्रिकोण पुढच्यापेक्षा स्पष्टपणे मोठा हवा. तो पुढच्याएवढा किंवा त्याहून लहान असेल आणि आधी ऑपरेशन झालेलं नसेल, तर तुकडा कुठेतरी सरकलाय असं धरून शोधायला लागा. लॅटरलमध्ये दोन्ही त्रिकोण साधारण सारखे असतात.

बो-टायच्या आकड्याचा घोळ स्लाइसच्या जाडीमुळे होतो. बॉडीची रुंदी साधारण ९ ते १२ मिमी. ४-५ मिमीच्या स्लाइसवर दोन बो-टाय, हा जुना हिशोब. तुमच्या ३ मिमीवर तीन सहज येतील, त्याला डिस्कॉइड (चकतीसारखी रुंद मेनिस्कस) म्हणू नका. डिस्कॉइडची शंका असेल तर कॉरोनलवर (समोरून पाहिलेल्या स्लाइसवर) बॉडीच्या मध्यावर रुंदी मोजा. १५ मिमी किंवा जास्त भरली तर डिस्कॉइड. हा प्रकार जवळजवळ नेहमी लॅटरलला असतो आणि आशियाई लोकांत जास्त आढळतो, म्हणून आपल्याकडे मुलांचा गुडघा वाचताना ही मोजणी चुकवू नका. उलट बो-टाय कमी भरले तर बकेट हँडल (बादलीच्या कडीसारखा सुटून आत सरकलेला तुकडा) शोधा. इंटरकाँडिलर नॉचमध्ये (मांडीच्या हाडाच्या दोन गोळ्यांमधल्या खाचेत) पीसीएलच्या (मागच्या क्रुशिएट लिगामेंटच्या) खाली, त्याला समांतर दुसरा काळा पट्टा दिसला तर तो डबल पीसीएल. मात्र लहान मुलं, लहान चणीची माणसं, झिजलेला गुडघा आणि ऑपरेशन झालेला गुडघा यांत टेअर नसतानाही बो-टाय कमी भरतात.

आता तुमचा पट्टा. मेनिस्कसच्या पोटातला सिग्नल, गोलसर असो की रेषेसारखा, कडेला पोचत नसेल तर तो टेअर नाही. कडेला टेकला आणि तो संपर्क दोन स्लाइसवर दिसला, तर टेअर. या दोन स्लाइस लागोपाठ असायची गरज नाही. एक सॅजिटल आणि एक कॉरोनल चालते, जागा मात्र एकच हवी. एकाच स्लाइसवर संपर्क असेल तर ‘टेअरची शक्यता’ यापुढे जाऊ नका. म्हणून तुमचं पहिलं काम: सॅजिटलवर त्या जागी कर्सर ठेवा, क्रॉस-रेफरन्स लावून कॉरोनलवर नेमकी तीच जागा काढा आणि खालची कड बघा. विंडो थोडी अरुंद करा. रुंद विंडोत कडेजवळची बारीक काळी रेघ विरते आणि आतला पट्टा टेकल्यासारखा भासतो. फिल्मवर हे जमत नाही, मूळ डिजिटल चित्रं, म्हणजे डायकॉमच उघडा.

तो सुटा ठिपका बहुतेक ट्रान्सव्हर्स लिगामेंट. दोन्ही अँटिरियर हॉर्नना जोडणारा हा दोर वाटीखालच्या हॉफाच्या चरबीतून जातो. मेनिस्कसला चिकटतो तिथे दोघांमध्ये चरबीची फट राहते आणि ती टेअरसारखी दिसते. एकेक स्लाइस आत जात त्याचा माग काढा. मीडियलपर्यंत सलग पोचला तर प्रश्न मिटला.

कॉइल_आणि_पोझिशन

एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट म्हणून लॅटरलच्या करड्या रंगाबद्दल लिहितो. लॅटरलचा पोस्टिरियर हॉर्न रूटकडे जाताना वर चढतो. त्याचे तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या जवळपास कोन करतात तिथे कमी टीईच्या (इको टाइमच्या) सीक्वेन्सवर सिग्नल खोटा वाढतो. हाच मॅजिक अँगल. पीडीचा टीई ३०-४० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, त्यामुळे तो यात सापडतो. जास्त टीईच्या टी२ वर तीच जागा बघा. करडेपणा गेला आणि आकार शाबूत असेल तर सोडून द्या.

मीडियलच्या पट्ट्यासाठी एक गोष्ट तपासा: सॅजिटलची फेज दिशा (हालचालीच्या सावल्या पसरतात ती दिशा). ती पुढून-मागे ठेवली असेल तर गुडघ्यामागच्या पॉप्लिटियल धमनीच्या ठोक्यांच्या सावल्या सांध्यावर पडतात आणि पोस्टिरियर हॉर्नमध्ये रेघ उमटते. फेज वरून-खाली घ्यायची, म्हणजे सावल्या धमनीच्याच रेषेत राहतात. मग पायाचा बाकीचा भाग चित्रात गुंडाळून येऊ नये म्हणून ओव्हरसॅम्पलिंग लागतं आणि वेळ थोडा वाढतो. घाईच्या यादीत नेमकं हेच पाऊल गाळलं जातं. सावली ओळखायची खूण सोपी आहे: ती मेनिस्कसच्या हद्दीत थांबत नाही, हाडावरून आणि चरबीवरूनही तशीच पुढे जाते.

प्लॅनिंगही बघून घ्या. अ‍ॅक्सियलवर फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) दोन्ही काँडाइलच्या (खालच्या गोळ्यांच्या) मागच्या कडांना स्पर्श करणारी रेषा काढायची. कॉरोनल तिला समांतर, सॅजिटल तिला काटकोनात. नुसत्या टेबलाच्या दिशेने घेतलं आणि पाय बाहेर वळलेला असला, तर त्रिकोण तिरके कापले जातात आणि टोक बोथट दिसतं. एफओव्ही (चित्रात येणारं क्षेत्र) १४ ते १६ सेमी, स्लाइस ३ मिमी. दुखऱ्या गुडघ्याखाली पातळ पॅड द्या आणि कॉइलमधली मोकळी जागा भरून टाका. पेशंट हलला तर तो सीक्वेन्स परत घ्या. हललेल्या चित्रावर मेनिस्कस वाचूच नये.

ऑर्थो_दादर

ऑपरेशन करणाऱ्याच्या बाजूने. ‘ग्रेड २-३’ कृपया लिहू नका. ग्रेड २ म्हणजे कडेला न पोचलेला सिग्नल, ग्रेड ३ म्हणजे पोचलेला. दोन्ही एका दमात लिहिले की निर्णय काहीच होत नाही. पेशंट व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट वाचतो आणि ‘गादी फाटली’ म्हणून घाबरून येतो. खरं म्हणजे त्यातल्या कित्येकांना व्यायाम आणि वेळ एवढंच पुरतं.

गादी फाटली म्हणजे दुखणारच, असंही नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या सामान्य लोकांचे गुडघे एमआरआयमध्ये तपासले होते, २००८ साली ते प्रसिद्ध झालं. मेनिस्कस टेअर सापडलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. फिनलंडमध्ये झीज होऊन फाटलेल्या मीडियल मेनिस्कसवर खरी पार्शियल मेनिसेक्टॉमी (फाटलेला भाग काढणं) आणि नुसती लटकी शस्त्रक्रिया यांची तुलना केली (२०१३). वर्षभराने फरक पडला नाही. म्हणून पन्नाशीनंतरचा आडवा टेअर मी रिपोर्टमध्ये शांतपणे वाचतो.

शांतपणे वाचता येत नाही तो पोस्टिरियर रूटचा टेअर, आणि रिपोर्टमधून सर्वात जास्त तोच सुटतो. मध्यमवयीन बाई, खाली बसून उठताना किंवा जिना चढताना मागे ‘कट्’ झालं, तेव्हापासून पाय टेकवत नाही. मुंबईत चाळीचे जिने आणि खाली बसून करायची कामं बघता ही हकीकत ओपीडीत नेहमीची. रूट तुटला की मेनिस्कसचा ताण धरण्याचा गुण जातो, ती बाहेर सरकते आणि कार्टिलेजवर थेट भार येतो. काही महिन्यांत सांधा झिजू शकतो.

हे तीन ठिकाणी शोधा. कॉरोनलवर पीसीएलच्या शेजारी मीडियल रूटचा काळा पट्टा टिबियाला (नडगीच्या हाडाला) सलग चिकटायला हवा. तिथे उभी पांढरी फट म्हणजे टेअर. सॅजिटलवर पीसीएलच्या लगतच्या मीडियल स्लाइसमध्ये काळा त्रिकोण हवा. त्याजागी करडी सावली दिसली तर घोस्ट साइन. तिसरं, एमसीएलच्या (आतल्या बाजूच्या लिगामेंटच्या) पातळीवरच्या कॉरोनलवर मेनिस्कस टिबियाच्या कडेच्या किती बाहेर आली ते मोजा, ऑस्टिओफाइट (झिजेने वाढलेलं हाड) सोडून. ३ मिमीच्या वर गेली तर रूट पुन्हा तपासल्याशिवाय रिपोर्ट बंद करू नका. मीडियल काँडाइलमध्ये कार्टिलेजखाली एडिमा आणि काळी रेघ असेल तर सबकाँड्रल फ्रॅक्चरही लिहा.

टेअर असेल तर मला हवं ते एवढंच: आडवा, उभा, रेडियल (आतल्या कडेपासून बाहेर जाणारा) की गुंतागुंतीचा, रूट, पोस्टिरियर हॉर्न की बॉडी, कॅप्सूलपासून किती दूर, लांबी किती, तुकडा सरकला असेल तर कुठे. रक्तपुरवठा कॅप्सूलकडच्या साधारण १० ते २५ टक्के भागालाच असतो. तिथला उभा टेअर शिवला तर जुळण्याची आशा असते, आतल्या कडेचा जुळत नाही. म्हणून ‘मिमी’ लिहिलेला रिपोर्ट आम्ही जपून ठेवतो.

गुडघेवाचक

ऑर्थो सरांच्या ‘तुकडा कुठे’ला पुस्ती जोडतो. बॉडी बोथट दिसली तर एमसीएलच्या आतल्या बाजूला, टिबियाच्या कडेखाली बघा. खाली वळलेला तुकडा तिथे स्वल्पविरामासारखा लपतो. तो आधी सांगितला नाही तर दुर्बिणीतूनही नजरेआड राहू शकतो.

रेडियल टेअरसाठी वेगळी नजर लागते, कारण त्याची दिशा स्लाइसप्रमाणे बदलत जाते. एका स्लाइसवर फट, पुढच्यावर टोक कापलेलं, त्यापुढे त्रिकोण गायब, असा तो सरकत जातो. बॉडीचा रेडियल सॅजिटलवर सापडतो, पोस्टिरियर हॉर्नचा कॉरोनलवर.

परळचा_रेसिडेंट

सर्वांचे आभार. परत बघितलं. लॅटरलचा करडेपणा टी२ वर गेला, आकार नीट आहे. ठिपका मीडियलपर्यंत सलग जातो. मीडियलचा पट्टा कॉरोनलवर आतच राहतो, खालची काळी कड अखंड. फेज वरून-खाली होती. रूट शाबूत, बाहेर सरकलेली नाही. हाडात एडिमा नाही.

आणखी एक शंका: एसीएल तुटलेल्या गुडघ्यात लॅटरल पोस्टिरियर हॉर्नमध्ये उभी फट दिसली, तर ती रिसबर्ग लिगामेंटची की टेअर?

गुडघेवाचक

तुमच्या कबड्डीपटूसाठी असं लिहा: ‘मीडियल मेनिस्कसच्या पोस्टिरियर हॉर्नमध्ये तिरका सिग्नल. खालच्या कडेशी संपर्क एकाच सॅजिटल स्लाइसवर, कॉरोनलवर दिसत नाही. टेअर निश्चित म्हणता येत नाही, लक्षणांशी ताडून पाहावे. सरकलेला तुकडा नाही, रूट शाबूत.’ ग्रेडचा आकडा नको.

रिसबर्गबद्दल: मेनिस्कोफीमोरल लिगामेंट पोस्टिरियर हॉर्नपासून सुटतं तिथे एक नैसर्गिक फट असते. पीसीएलच्या पुढून जातं ते हम्फ्री, मागून जातं ते रिसबर्ग. ती फट पीसीएलपासून बाहेर किती स्लाइसपर्यंत चालते ते मोजा. स्लाइसची जाडी अधिक गॅप, गुणिले स्लाइसची संख्या. १४ मिमी किंवा त्यापुढे गेली तर टेअर धरा. बाहेरच्या टोकाला पॉप्लिटियस टेंडन आणि मेनिस्कसमधली पाण्याची फट लागते, ती नैसर्गिक आहे, तिला यात धरू नका.

एसीएल तुटलेल्या गुडघ्यात लॅटरलचे टेअर एमआरआयवर अधिक सुटतात, म्हणून तिथे दुप्पट वेळ द्या. मीडियललाही पोस्टिरियर हॉर्न आणि कॅप्सूल यांच्यामध्ये पाण्याची रेघ शोधा. तो रॅम्प लीजन. टिबियाच्या मागच्या-आतल्या कडेला एडिमा असेल तर संशय वाढतो. गुडघा सरळ ठेवून स्कॅन होतो, त्यामुळे ती फट मिटलेली राहू शकते. रेघ दिसली नाही तरी एडिमाचा उल्लेख करा, म्हणजे सर्जन दुर्बिणीतून मागचा कप्पा उघडून बघतील.

ऑर्थो_दादर

मागचा कप्पा बघायचाच असतो, पण रिपोर्टमध्ये ओळ असली की तिथे प्रोब फिरवल्याशिवाय केस संपत नाही. आणि ऑपरेशन झालेला गुडघा असेल तर जुनी नोट मागवा. शिवलेल्या जागी कडेला टेकणारा करडा सिग्नल अनेक महिने राहतो. टी२ वर पाण्याइतका पांढरा सिग्नल फटीत शिरला किंवा नवा तुकडा सरकलेला दिसला, तरच पुन्हा फाटलंय असं लिहा.