पन्हाळा–पावनखिंड वाटेवर आता हिवाळा-उन्हाळ्यात नाईट ट्रेक? गवा-वाघाच्या भ्रमणमार्गाचं काय?

घोडखिंड_वारी:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. आमचा कोल्हापुरातला छोटा ग्रुप आहे, दर आषाढात पन्हाळा ते विशाळगड मोहीम करतो. पुसाटी बुरुजाकडनं उतरायचं, म्हाळुंगे, मसाई पठार, मग करपेवाडी-आंबेवाडीच्या आसपास मुक्काम, दुसऱ्या दिवशी माळेवाडी, पाटेवाडी, पांढरपाणी आणि पावनखिंड. जुलैत या वाटेवर नुसती जत्रा असते, चिखल, घोषणा, हजारो पोरं, ते सगळ्यांना माहितीच आहे आणि त्याबद्दल मला काही विचारायचं नाही.

यंदा ग्रुपमधे नवीन टूम निघालीय. डिसेंबर ते मे दर पौर्णिमेला नाईट ट्रेक, शिवाय एक ट्रेल रन. डांबरी रस्त्याचा तुकडा कुणाला आवडत नाही म्हणून तिथे जंगलातनं नवीन आडवाट पाडायची, वळणावर सोलरचे दिवे आणि रंगानं बाण, आणि एका झऱ्याजवळ सपाट जागा आहे तिथे तंबू. ऐकायला भारी वाटतं आणि वाटेवरच्या वाड्यांना पावसाळा सोडून पण चार पैसे मिळतील हे खरंच आहे. पण राधानगरी अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांच्या मधला, वाघ-गवे ये-जा करतात तो हाच पट्टा ना? पन्हाळगड आणि विशाळगड २०२०-२१ मधे संवर्धन राखीव झाले ते याच कारणासाठी असं ऐकलंय. मी व्हॉट्सॅपवर शंका काढली तर उत्तर आलं, तू काय वाघाचा वकील आहेस का.

म्हणून विचारतो, माणसं शेकडो वर्षं चालतायत त्या वाटेवर अजून पन्नास जण रात्री चालले तर खरंच फरक पडतो का? का आपण उगाच बाऊ करतोय? आणि परवानगीचं नक्की काय असतं?

सह्यभटक्या८१:

स्पष्टच बोलतो, ट्रेकरला धरून झोडपायची ही फॅशन मला कळतच नाही. रत्नागिरी–नागपूर हायवेचं चौपदरीकरण बघा, आंबा घाटाकडची झाडं बघा, शाहूवाडी-राधानगरीच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) बॉक्साइटसाठी काय खोदकाम झालंय ते बघा. त्याला कुणी काही बोलत नाही आणि पंचवीस पोरं टॉर्च घेऊन निघाली की लगेच वन्यजीव धोक्यात. ही वाट १६६० ची आहे राव. महाराज रात्रीच निघाले होते, भर पावसात, पालखीतून, मागे सिद्दी मसूदचे घोडेस्वार. रात्रीची चाल ही या वाटेची ओळख आहे, ती दिवसा केली की नुसती पिकनिक होते.

हां, दगडावर रंगाचे बाण नकोत. ते बघितलं की माझं डोकं फिरतं. आणि नवीन आडवाट कशाला? जुनी आहे ती नीट चाला की.

कॅमेरा_पाणवठा:

भटक्या दादा, हायवेचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पेंचला नागपूर–जबलपूर हायवेखाली अंडरपास आहेत आणि वाघ त्यातून ये-जा करतात, तसं काहीतरी आंबा घाटाकडे मागायलाच पाहिजे, पहिली सही माझी. पण हायवे वाईट म्हणून नाईट ट्रेक चांगला, हे गणित काही जमलं नाही.

मी वनखात्यातला नाही, हौशी म्हणून वन्यप्राण्यांच्या गणनेला आणि कॅमेरा ट्रॅपच्या कामाला जात असतो. लोकांना वाटतं वाघ-बिबट्या झाडोऱ्यातनं घुसत घुसत जातो. त्याला पण कारवीत अंग ओरबाडून घ्यायची हौस नसते, तो सरळ पायवाटेनं चालतो. म्हणून तर कॅमेरे पायवाटेवरच बांधतात, साधारण गुडघ्याएवढ्या उंचीला, वाटेच्या दोन्ही अंगाला समोरासमोर, म्हणजे वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे मिळतात आणि कुठला वाघ ते ओळखता येतं. अशा एका कॅमेऱ्याचे फोटो ओळीनं बघा, संध्याकाळी मोळी घेतलेली मावशी, दिवेलागणीनंतर साळिंदर, मग गव्यांचा कळप, उत्तररात्री बिबट्या, आणि उजाडलं की परत गुरं आणि गुराखी. वाट एकच, पण पाळ्या ठरलेल्या. शेकडो वर्षं माणूस चालतोय हे खरं आहे पण तो दिवसा चालत होता, रात्रीची पाळी त्यांची होती.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. २०१८ मधे सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, जगभरातल्या ६२ सस्तन प्राण्यांचा. माणसाचा वावर वाढला की प्राणी रात्रीकडे सरकतात, रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट होते असं निघालं, आणि गंमत म्हणजे माणूस शिकारीला आलाय का नुसता फिरायला आलाय यानं फारसा फरक पडत नाही, जनावर दोन्हीला सारखंच टाळतं. म्हणजे दिवस त्यांनी आपल्याला आधीच सोडून दिलाय. आता पौर्णिमेच्या नावानं आपण रात्र पण मागायला निघालोय.

इथे कोण जातं-येतं ते पण सांगतो. एप्रिल २०२२ मधे राधानगरीत कॅमेऱ्यात आलेला नर वाघ डिसेंबर २०२३ मधे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात (चांदोली त्यातच येतं) सापडला, पट्टे जुळवून ओळखला. शंभरेक किलोमीटर. गगनबावडा, विशाळगड, आंबा हा पट्टा ओलांडल्याशिवाय तिकडे पोचायला दुसरं जंगलच नाही. खाली हीच साखळी तिलारी, गोवा आणि पुढे कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापर्यंत जाते. सह्याद्रीत आता जे नर नोंदवलेत त्यातल्या एकाचं नाव ‘बाजी’ ठेवलंय, हे तुमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जरूर टाका :) नोव्हेंबर २०२५ मधे ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडली, म्हणजे एवढा खर्च करून वाघ वसवायचे आणि खालून स्वतःच्या पायानं येणाऱ्या वाघाच्या वाटेत तंबू ठोकायचे.

ते झऱ्याजवळचे तंबू तर नकोच नको. मार्च ते मे सड्यावरचं सगळं आटतं, एखादाच झरा टिकतो. कडेच्या ओल्या मातीत खूर उमटलेले असतात बघा, गव्याचा मोठा वाटीएवढा, भेकराचा दोन बोटांचा, कधी सांबराचा. तिथे रात्रभर माणसं बसली म्हणजे त्या रात्री त्या सगळ्यांना पाणी नाही.

अजून एक, याच्याकडे कुणी बघतच नाही, कुत्री. बिस्किटाच्या नादानं वाडीतली कुत्री ट्रेकरच्या मागे जंगलात येतात, भेकरं पिटाळतात, आणि डिस्टेंपरसारखे रोग कोळसुंद्यांपर्यंत, म्हणजे रानकुत्र्यांपर्यंत, पोचवतात.

परवानगीचं म्हणाल तर संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६अ खाली होतं ते, आतल्या गावकऱ्यांचे हक्क तसेच राहतात. पण जमीन राखीव वनाची असेल तर १९२७ चा वन कायदा आहेच, आडवाट तोडणं, शेकोटी, तंबू यातलं काहीही तोंडी ‘चालतंय की’ वर करू नका. वनपालाला नाही, परिक्षेत्र कार्यालयात लेखी द्या.

मुपो_शाहूवाडी:

सगळ्यांचं वाचलं. आमी हितंच ऱ्हातो म्हणून बोलतो. वाघ मी अजून बघितला न्हाई, बघायचापण न्हाई. आमचा ताप गव्याचा हाय.

तुमाला वाटतं गवा रानात असतो. रात्री तो खाली आमच्या उसात आन् मक्यात असतो. आमी माळ्यावर राखणीला बसतो, डबा वाजवतो, फटाकं लावतो, तरी येतोच. पण पहाटं चार-साडेचारला कळप ओढ्याच्या कडंनं परत वर चढतो, त्याची येळ आमाला पाठ हाय, तवा आमी कुणी ओढ्याकडं फिरकत न्हाई. आता तुमची टॉर्चची रांग नेमकी त्याच येळंला वर कडंकडंनं चालली तर कळप वर जाईल कसा? तो अडकतो. मग दिवसभर उसातच बसतो. सकाळी बाईमाणूस वैरण कापायला जातं त्याला ठावं बी नसतं आत काय बसलंय. तुमी तवा घरी जाऊन झोपलेला असता. नंतर पंचनाम्याला खेटं घालायचं आमी.

कोथरूडला २०२० सालात गवा शिरलेला, माणसं मागं लागून पळवून पळवून शेवटी मेला तो. एवढं आडदांड जनावर पण भ्यालं की असं होतं. आन् तेच जर उलटलं तर माणूस जातो.

पण म्हणून येऊच नका असं माझं म्हणणं न्हाई. जुलैत दोन दिवसात आमच्या बाया भाकरी थापून दमतात आन् मग वर्षभर कोण येत न्हाई. दिवसा या, हितला वाटाड्या घ्या, घरात जेवा, घरात झोपा. तंबू कशाला लागतोय, आमची घरं मोकळीच हाईत, पोरं सगळी पुण्या-मुंबैला.

डेन्व्हरची_सातारकरीण:

खूप दिवसांनी इथे लिहितेय, विषय बघून राहवलं नाही. माहेर साताऱ्याचं, आता बरीच वर्षं कोलोरॅडोत आहे आणि इथे सगळी जनताच ट्रेलवेडी, आम्ही पण त्यातलेच.

इथे व्हेल नावाचं स्कीइंगचं गाव आहे, त्याच्या डोंगरात एल्क हरणांचे मोठे कळप असायचे, उन्हाळ्यात वर जातात, हिवाळ्यात खाली उतरतात. तिथे संशोधकांनी मुद्दाम एक प्रयोग केला होता, वीण चालू असताना माद्यांच्या जवळ माणसं चालत पाठवायची आणि पिल्लांचं काय होतं ते मोजायचं. प्रत्येक मादीला सरासरी सात वेळा उठवलं तर साधारण तीस टक्के पिल्लं गेली. कुणी मारलं नाही, कुणी दगड मारला नाही, फक्त माणसं जवळून चालत गेली. आणि त्रास थांबवल्यावर पिल्लांची संख्या परत वर आली, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नंतरच्या काळात ट्रेल, सायकली, घरं सगळंच वाढलं आणि जिथे हजारावर एल्क असायचे तिथे २०१९ च्या हवाई मोजणीत ५३ दिसले.

उपाय म्हणून विणीच्या हंगामात ट्रेल बंद ठेवतात. टू एल्क नावाचा एक ट्रेल आहे तो ६ मे ते १ जुलै बंद, अगदी मोक्याच्या सुट्टीच्या दिवसांत. पण नुसती पाटी लावून कुणी ऐकत नाही हो, कॅमेरे लावले तर बंद ट्रेलवर पण माणसं फिरताना दिसली. कुणी पाटीच्या बाजूनं वळसा घालून, कुणी कुत्रं घेऊन. मग स्वयंसेवक ट्रेलच्या तोंडाशी उभे राहायला लागले, हसून नमस्कार करायचा, आज का बंद आहे ते सांगायचं आणि जवळचा उघडा ट्रेल सुचवायचा. पाटीशी वाद घालता येतो पण समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईशी नाही घालत कुणी.

आपल्याकडे वासोट्याला हे आधीच चालू आहे की. बामणोलीला परवानगी, लाँचनं जायचं, पलीकडे प्लास्टिकच्या बाटल्या मोजून डिपॉझिट, मुक्काम नाही, संध्याकाळच्या आत परत. सुरुवातीला लोकांनी शिव्या घातल्या असतील पण आज सगळे गुपचूप पाळतात आणि वासोटा काही ओस पडला नाही.

सह्यभटक्या८१:

शाहूवाडीकर, गवा वर चढायची वेळ वगैरे हे मला माहीत नव्हतं, पॉइंट आहे. तरी माझा एक प्रश्न राहतोच. जुलैच्या त्या हजारोंचं काय मग? तिथे कुणी बोलणार नाही कारण विषय भावनेचा आहे, आणि नियम लागणार ते छोट्या ग्रुपला जे निदान विचारतायत तरी. कासला दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग होऊ शकतं तर इथे जुलैत का नाही?

कॅमेरा_पाणवठा:

व्हायलाच पाहिजे, आणि मी ते बोलतो पण, पब्लिक शिव्या घालतं ते सोडा. मात्र जुलैची गर्दी आणि मार्चची रात्र यात फरक आहे. पावसात पाणी सगळीकडे, चारा सगळीकडे, गवा त्या दोन दिवसांत बाजूला सरकला तरी त्याचं भागतं. मार्चमधे त्याला सरकायला जागाच नसते. कासचं उदाहरण काढलंत तर ते पूर्ण सांगा, तिथे मर्यादेबरोबर जाळीचं कुंपण पण घातलं होतं, जनावरांची ये-जा आणि चराई अडली, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि मग जाळी काढली. संख्या बांधा, कुंपण घालू नका.

घोडखिंड_वारी:

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली, वाद झाले, एक जण ग्रुप सोडून गेला (परत येईल, दरवेळी येतो). नाईट ट्रेक रद्द. आडवाट, दिवे, रंग, सगळं रद्द. आता हिवाळ्यात दिवसाची चाल ठरवलीय, डिसेंबर ते फेब्रुवारी फक्त, सूर्य उगवल्यावर निघायचं आणि मावळायच्या आत वाडीत, मुक्काम घरांमधे. मार्च ते मे वाट सोडून द्यायची. परिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज या आठवड्यात देतोय, त्यात झऱ्याची जागा पण लिहिणार आहे म्हणजे दुसऱ्या कुणी तंबूची परवानगी मागितली तर निदान कागदावर असेल. ट्रेल रनचं भांडण अजून मिटलेलं नाही, काहींना ती हवीच आहे, मी म्हटलं डांबरी रस्त्यावर पळा.

@मुपो_शाहूवाडी दादा, डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पंधरा जण आलो तर चालेल का? वाटाड्याचे किती द्यायचे ते मेसेज करा.

मुपो_शाहूवाडी:

चालतंय, या. पैशाचं हितं नको, फोनवर बोलू. पंधरा म्हणजे पंधराच आणा, दोन घरात बसतील तेवढंच. आन् पोरांना बिस्किटं खिशात ठेवू नका म्हणून आधीच सांगा, आमची कुत्री लई हावरी हाईत.