सी६एच० हे कुठलं संयुग?

ए-५०४: मुलगी केंटकीत डॅनव्हिल गावी जाऊन आली, तिने पाठवलेला फोटो टाकलाय. भिंतीवर काय रंगवलंय ते बघा.

बी-२०२: सी६एच०? असं संयुग नसतं हो. बेंझीन म्हणजे सी६एच६. हायड्रोजन शून्य असेल तर लिहितीलच कशाला?

ए-५०४: बाई, तो स्कोअर आहे. सी म्हणजे तिथलं सेंटर कॉलेज, ६. एच म्हणजे हार्वर्ड, ०. तारीख २९ ऑक्टोबर १९२१. शंभर वर्षं झाली तरी गावाने जपलाय.

सी-१०१: फुटबॉलमध्ये ६ गोल?

ए-५०४: अमेरिकन फुटबॉल. बॉल हातात घेऊन पळायचं, शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन, ६ पॉइंट. मग किकचा १ जादा मिळतो, तो त्यांचा हुकला.

सी-१०१: पण हार्वर्डला हरवलं म्हणून एवढं कौतुक?

ए-५०४: सेंटरमध्ये मुलं तीनशेच्या आसपास. आणि हार्वर्ड १९१९ आणि १९२० मध्ये एकही मॅच हरलं नव्हतं. १९२० मध्ये सेंटर तिथे खेळायला गेलं, हाफटाइमला १४-१४ बरोबरी. शेवटी ३१-१४ने हरले. हार्वर्डच्या कॅप्टनने मॅचचा बॉल सेंटरचा खेळाडू बो मॅकमिलनला देऊ केला. त्याने घेतला नाही. म्हणाला, पुढच्या वर्षी येऊ आणि जिंकून नेऊ. मला यातलं सगळ्यात हेच आवडतं. हरल्यावर मिळालेली आठवण घरी न्यायची नाही, परत यायचं! आणि खरंच आले. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला मॅकमिलनने स्वतः ३२ यार्ड पळून टचडाउन केला. मॅचमधले पॉइंट तेवढेच. उरलेला सगळा वेळ त्यांनी हार्वर्डला अडवून धरलं.

सी-३०३: काका, मग त्या वर्षी सगळ्याच मॅच जिंकले का?

ए-५०४: ओळीने १०. ट्रान्सिल्व्हेनिया कॉलेजला तर ९८-०. अकरावी मात्र गेली. २ जानेवारी १९२२, डलासला टेक्सास ए अँड एम कॉलेजने २२-१४ने हरवलं. मॅकमिलनचं लग्न त्याच दिवशी सकाळी झालं होतं.

बी-४०१: अगं बाई! लग्नाच्या दिवशी मॅच?

ए-५०४: हो ना वहिनी. त्याच मॅचला ए अँड एमचे खेळाडू एकामागून एक जखमी झाले, म्हणून कोचने किंग गिल नावाच्या मुलाला प्रेक्षकांतून खाली बोलावलं. जखमी खेळाडूचे कपडे घालून तो शेवटपर्यंत बाजूला तयार उभा राहिला. खेळायची वेळ आलीच नाही. त्याची आठवण म्हणून ए अँड एमचे विद्यार्थी आजही अख्खी मॅच उभं राहून बघतात.

सी-३०३: काका, हे रविवारी खाली आमच्या टीमला सांगाल? मागच्या आठवड्यात ७-१ने हरलो, तीन जण यायचे बंद झालेत.

ए-५०४: साडेसहाला येतो. त्या तिघांनाही बोलाव.

बी-२०२: फोटो मोठा करून पाठवा. नववीच्या शिकवणीत फळ्यावर लिहिते, बघू कोण ओळखतं.