ऑर्ब्युलिनाचा क्रम लावायचाय, पण कवचंच खराब होतायत

मार्लवाला, पुणे:
एमएस्सी प्रकल्पासाठी मायोसीन काळातल्या सागरी मार्लचे (चुनामिश्रित चिकणमातीच्या मऊ खडकाचे) नमुने मिळालेत. ट्रायलोबॅटस, त्यातून प्रीऑर्ब्युलिना, पुढे ऑर्ब्युलिना असा प्लवक फोरामांचा (समुद्रात तरंगणाऱ्या, चुन्याचं कवच असलेल्या एकपेशीय जीवांचा) उत्क्रांतीचा क्रम दाखवायचा आहे. 10 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रात्रभर भिजवूनही चिखलाचे गोळे राहतात आणि कवचं खडूसारखी पांढरी, झिजलेली दिसतात. कुठे चुकतंय?

चाळण_63:
रात्रभर पेरॉक्साइड म्हणजे कॅल्साइटला आम्लाची अंघोळ! मार्लला त्याची गरजच नसते. पुण्यात सगळ्यांचा हात बेसाल्टवर बसलेला, म्हणून मऊ खडकालाही उगाच धसमुसळेपणा होतो.

नमुना 40-50 अंशांवर पूर्ण वाळवा, 20 ग्रॅम मोजून घ्या. पाण्यात चिमूटभर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट (मातीचे कण सुटे करणारं रसायन) आणि अमोनियाचे थेंब टाकून सामू 8च्या आसपास आणा. तासाभराने 63 मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या फवाऱ्याने धुवा, बोटाने चोळू नका. गोळे उरले तर परत वाळवून परत भिजवा. कोरड्या मातीत पाणी शिरलं की ती आपोआप फुटते. अल्ट्रासोनिक लावलंच तर पाचेक सेकंद.

एक नमुना धुऊन झाला की पुढच्याआधी चाळण मिथिलीन ब्लू या निळ्या रंगात बुडवा. आधीचं अडकलेलं कवच पुढच्या नमुन्यात निळं दिसेल, लगेच बाजूला काढता येईल.

सूक्ष्मजीवाश्म:
धुणं जमलं तरी खरी गोम पुढे आहे. ऑर्ब्युलिना युनिव्हर्साचा शेवटचा कप्पा म्हणजे बाहेरचा गोल. तो फुटला की आतलं बालपणीचं सर्पिल कवच उघडं पडतं आणि हुबेहूब पूर्वजासारखं दिसतं. कडेला तुटक्या भिंतीची कोर आहे का बघा, नाहीतर वंशज पूर्वजांच्या रकान्यात जाईल. प्रीऑर्ब्युलिनात शेवटचा कप्पा आधीच्यांना बराचसा कवेत घेतो आणि सांध्यावर फटींसारखी तोंडं असतात. ऑर्ब्युलिना सुटुरॅलिसमध्ये तीच तोंडं बारीक, गोल होतात.

150 मायक्रॉनच्या वरचा भाग स्प्लिटरने (नमुन्याचे सारखे वाटे करणाऱ्या साधनाने) विभागून सुमारे 300 कवचं मोजा, देखणीच वेचू नका. आणि खालच्या थरात एकच ऑर्ब्युलिना सापडली तर नाचू नका, बिळं करणारे प्राणी ती वरून खाली नेतात.

मार्लवाला, पुणे:
कळलं. थरांचं वय ऑर्ब्युलिनावरूनच धरलं तर चालेल ना? ती सुमारे 1.5 कोटी वर्षांपूर्वी आली असं वाचलंय. आणि वेचायला ब्रश कुठला?

सूक्ष्मजीवाश्म:
छे! जिचा उगम दाखवायचा तिच्यावरूनच वय धरलं तर युक्तिवाद गोल फिरतो. प्रत्येक नमुन्याचे 5 ग्रॅम न धुता ठेवा, त्याची स्मिअर स्लाइड करून (काचपट्टीवर पातळ थर पसरून) कोकोलिथ, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या चुन्याच्या चकत्या, बघा. त्यांच्यासोबत दिसणारा स्फेनोलिथस हेटेरोमॉर्फस हा नॅनोजीवाश्म (असाच अतिसूक्ष्म चुन्याचा जीवाश्म) याच काळातला, ध्रुवीकृत प्रकाशात चटकन ओळखू येतो.

चाळण_63:
ब्रश 000 नंबरचा, अप्पा बळवंत चौकात चित्रकलेच्या सामानात बघा. स्लाइडला ट्रॅगाकांथ डिंक पातळ करून लावा, त्यात लवंग तेलाचा एक थेंब, म्हणजे पावसाळ्यात बुरशी धरणार नाही. फेव्हिकॉल नको. कवच पुन्हा उचलून कडेने बघायचं असतं, ते पाण्याच्या थेंबाने सुटलं पाहिजे.