गाळातल्या वळ्या: भूकंपाच्या की गोठणीच्या?

नदीच्या गाळात थर वळलेले दिसले की ते भूकंपानेच वळले, असा दावा केला जातो. जरा घाई होतेय; थंड प्रदेशात जमीन गोठून-वितळूनही थर वळतात. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं हे खरं, पण मोठा हात त्याचा नाही. गोठणारा थर खालचं पाणी वर ओढत राहतो आणि बर्फाच्या चकत्या जाडावत जातात. यात पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून भरड गाळ) सर्वांत पुढे; भरड वाळूत ओढ कमी पडते, चिकणमातीतून पाणी फार सावकाश सरकतं. म्हणून पोयटा उचलला जातो, शेजारची वाळू तिथेच राहते.

खरा घोळ वितळताना होतो. खालची जमीन गोठलेलीच, पाण्याला वाट नाही. चिखल पातळ होतो आणि वरची जड वाळू त्यात पिशवीसारखी खचते. मात्र नुसत्या पिशव्यांवरून निकाल देऊ नका, पुराने झपाट्याने टाकलेल्या गाळातही त्या होतात.

गोठणीची खूण म्हणून उभे राहिलेले लांबट गोटे आणि बर्फाच्या पाचरींचे (गोठलेल्या जमिनीच्या भेगांत साठलेल्या बर्फाचे) साचे शोधा. साचा खाली निमुळता आणि वरच्या गाळाने भरलेला असतो. भूकंपात द्रवीभूत (हादऱ्याने पाण्यासारखी पातळ झालेली) वाळू बहुधा खालून वर घुसते. इंग्लंडमधल्या थेम्स नदीच्या खोऱ्यात, नदीने पूर्वी टाकलेल्या खडीच्या पायऱ्यांसारख्या टप्प्यांत, हिमयुगातले असे साचे सापडतात.