वाळू आपल्याकडे, मग मोटरीचे मॅग्नेट चीनकडून का?

भोसरी_मोटर: ई-स्कूटरच्या हब मोटरी, म्हणजे चाकातच बसवलेल्या मोटरी, दुरुस्त करतो. एप्रिल 2025 मध्ये चीनने काही धातूंच्या आणि ते असलेल्या मॅग्नेटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि एसएच ग्रेडचे, म्हणजे जास्त उष्णता सोसणारे, मॅग्नेट मिळेनासे झाले. साधे एन ग्रेडचे मिळतात, पण घाट चढताना मोटर तापली की त्यांचा जोर उतरतो, तो गार झाल्यावरही परत येत नाही. या मॅग्नेटला लागणारा निओडिमियम धातू केरळच्या वाळूत आहे ना? मग अडतंय कुठे?

निवृत्त_केमिस्ट: माझी नोकरी रेअर अर्थ, म्हणजे निओडिमियम आणि त्याच्या गटातले धातू, वेगळे करण्यातच गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

केरळातल्या चवरा, तमिळनाडूतल्या मणवलकुरिची आणि ओडिशातल्या छत्रपूरच्या वाळूत मोनाझाइट आहे, रेअर अर्थ असलेलं खनिज. त्यात किरणोत्सारी थोरियम असल्याने ते अणुऊर्जेच्या नियमांखाली येतं. कुणीही उठून काढावं असा तो माल नाही. आणि खरं कष्टाचं काम त्यानंतर. लँथॅनम, सेरियम, प्रसिओडिमियम, निओडिमियम यांचे गुणधर्म इतके सारखे, की एकेक वेगळं करायला मिक्सर-सेटलरच्या, म्हणजे दोन द्रव ढवळून मग त्यांचे थर वेगळे होऊ देणाऱ्या टाक्यांच्या, लांबच लांब रांगा लागतात. एकीकडून धातू विरघळलेलं आम्लाचं द्रावण, समोरून ते धातू ओढून घेणारं केरोसीनमधलं सॉल्व्हंट. प्रत्येक टाकीत फरक पडतो तो जरासाच. प्रसिओडिमियमचं द्रावण हिरवं, निओडिमियमचं फिकट जांभळं. रंगावरूनच आम्हाला कळायचं रांग नीट चालली आहे की नाही. आम्लाचं प्रमाण थोडं जरी हललं, की बसलेली घडी विस्कटली.

पण तुमची अडचण वेगळी आहे. उष्णता सोसायला मॅग्नेटमध्ये डिस्प्रोसियम किंवा टर्बियम हे दुसरे रेअर अर्थ घालतात. चीनच्या एप्रिलच्या परवान्याच्या यादीत ही दोन्ही होती, निओडिमियम नव्हतं. म्हणून साधे मिळतात, एसएच नाहीत. आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोसियम नावालाच. ते येतं दक्षिण चीन आणि म्यानमारच्या काचिनमधल्या मातीतून. तिथे डोंगरात अमोनियम सल्फेट सोडून धातू धुऊन काढतात आणि खालचे ओढे नासतात. त्या गावांचं पाणी कुणी हिशोबात धरत नाही, याचा मला फार राग येतो.

ठाणेकर: भंगारातल्या हार्ड डिस्कचे मॅग्नेट चालतील का?

निवृत्त_केमिस्ट: नाही, त्यांना उष्णता सोसावी लागत नाही, त्यामुळे त्यांत डिस्प्रोसियम बहुधा नसतंच. इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये किंवा हायब्रिड गाडीच्या मोटरमध्ये असण्याची शक्यता जास्त.

भोसरी_मोटर: कॉम्प्रेसरवाला भंगारवाला ओळखीचा आहे, विचारतो. मापाचे नसले तर घासून घेऊ का काका?

निवृत्त_केमिस्ट: कोरडे मुळीच घासू नका. ती पूड पेट घेते, वर निकेलचा थर गेला की मॅग्नेट गंजून भुगा होतो. मापाचेच मिळाले तर घ्या.