मदत हवी आहे: मानव विकास निर्देशांकात लॉग आणि गुणोत्तर मध्य कशाला?

नमस्कार मंडळी. भाची राज्यसेवेची तयारी करतेय आणि अर्थशास्त्राच्या शंका माझ्या गळ्यात. मी बी.कॉम., तेही वीस वर्षांपूर्वीचा!

काल मानव विकास निर्देशांकाचं (आरोग्य, शिक्षण, उत्पन्न मिळून देशाचा एक आकडा) सरावाचं एक गणित होतं. आयुर्मान ७२, शाळेची अपेक्षित वर्षं १२, सरासरी वर्षं ६, दरडोई उत्पन्न ७५०० डॉलर. आरोग्याचं झटकन सुटलं: ७२ वजा किमान २०, भागिले ६५ (कमाल ८५ वजा २०), म्हणजे ०.८. शिक्षणाचं, कमाल १८ आणि १५ वर्षं धरून, १२/१८ आणि ६/१५ यांची सरासरी, ०.५३३. उत्पन्नात मात्र गाडी अडली. किमान १००, कमाल ७५,००० धरून सरळ वजाबाकी-भागाकार केला तर ०.०९९ येतं, तिन्ही आकड्यांचा लॉग (लॉगरिदम) घेऊन तेच केलं की एकदम ०.६५२! एवढा फरक? वरच्या टोकाचे हजार डॉलर आणि गरिबाचे हजार डॉलर सारखे नाहीत, हे पटतं. पण लॉगच का, वर्गमूळ का नाही?

दुसरं म्हणजे, तिच्या जुन्या झेरॉक्स नोट्समध्ये तिन्हींची साधी सरासरी आहे, ०.६६२. उत्तरसूचीत ०.६५३. शोधल्यावर कळलं की २०१० पासून गुणोत्तर मध्य (तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ) घेतात. (नोट्स त्याआधीच्या, साक्षरता दर धरणाऱ्या. पैसे मात्र नव्याचे घेतले.) एक बाजू लंगडी असेल तर दुसरीने ती झाकू नये म्हणून, असं मी ठोकून दिलंय. बरोबर आहे ना?

भाषाशाखेच्या मुलीला समजेल असं कुणी सांगेल का? रविवारी तिची चाचणी आहे.