पावसात ब्रेक दाबल्यावर पेडल थडथडतं, गाडी गॅरेजला दाखवावी का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-२०४: मंडळी, एक विचारायचं होतं. काल पावसात पुढचा टेम्पो अचानक थांबला. मी ब्रेक जोरात दाबला तर पेडल पायाखाली थडथडायला लागलं, खालून करकर आवाजही आला. गाडी वेळेत थांबली. गॅरेजला दाखवू का?

ए-१०१: माझ्याही गाडीत होतं असं. मी लगेच पाय काढून परत दाबतो.

सी-५०२: नका हो पाय काढू! ताई, बिघाड नाही हा, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) काम करतंय. ओल्या रस्त्यावर चाक जाम व्हायला लागलं की यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडते आणि परत लावते, तेही सेकंदाला अनेक वेळा. ते पायाला थडथड म्हणून जाणवतं. अशा वेळी पाय उचलला तर तेवढं अंतर गाडी ब्रेकशिवाय पुढे जाते. घट्ट दाबून ठेवायचं आणि जागा असेल तिकडे स्टिअरिंग वळवायचं. जाम झालेलं चाक नुसतं घसरतं, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. एबीएसचा मोठा उपयोग हाच, की ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा गाडी सुरू झाल्यावरही जात नसेल, तर मात्र दाखवा.

डी-३०३: आणि थांबायला अंतरही कमी लागतं ना काका?

सी-५०२: दरवेळी नाही. खडी, सैल माती, वाळू असेल तर उलट जास्तच लागू शकतं. गाडी थांबते ती टायर आणि रस्त्याच्या पकडीवर. पकडच नसेल तर ब्रेक कितीही भारी असून काय उपयोग? म्हणून टायर गुळगुळीत झालेले असताना कोणी ‘ब्रेक नवे टाकलेत’ म्हणालं की मला धास्ती वाटते. खाचांची खोली १.६ मिमीवर आली की टायर बदलायलाच हवा. पावसासाठी मी तर त्याच्या आधीच बदला म्हणेन.

डी-३०३: अंतर साधारण किती धरायचं मग?

सी-५०२: ताशी ५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, म्हणजे १४ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण तेवढेच. वेग दुप्पट केला की हे दुसरं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं! ताशी १०० ला दोन्ही मिळून ८० मीटरच्या वर. ओल्या रस्त्यावर आणखी वाढतं. कोरड्यात पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात चार. पहिल्या पावसात तर जपाच, रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडं होतं.

ए-१०१: जुन्या गाडीत एबीएस नाही, तिचं काय?

सी-५०२: तिथे तुमची सवय बरोबर आहे. चाक घसरतंय वाटलं की दाब थोडा कमी करायचा, पकड आली की परत वाढवायचा. आणि वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग उतरवून घ्यायचा.

बी-१०३: आम्ही शनिवारी घाटातून जाणार आहोत. उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं म्हणतात.

सी-५०२: वहिनी, कृपा करून असं करू नका, कोणी सांगितलं तरी. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन बहुतेक बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट थोडं लागतं. आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सारखा पाय ठेवून उतरलं की पॅड तापतात, जळका वास येतो, ब्रेक लागेनासा होतो. ब्रेक ऑइल उकळलं तर त्यात बुडबुडे होऊन पेडल मऊ पडतं, खाली जातं. उतार सुरू होण्याआधीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाका, ऑटोमॅटिक असेल तर एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल. मधेमधे ठाम ब्रेक दाबा आणि सोडा. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून गार होऊ द्या, पाणी ओतू नका. इंजिन तर उतारावर कधीच बंद करायचं नाही. ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरचा जोर दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं.

बी-१०३: पेडल खालीच गेलं तर?

सी-५०२: पटापट पंप करा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा. झटक्यात ओढलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. निघण्याआधी ब्रेक ऑइल कधी बदललंय तेही बघा. ते हवेतला ओलावा शोषतं आणि लवकर उकळायला लागतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत टिकतं, ओलावा शिरला की मर्यादा १५५ च्या आसपास येऊ शकते. बऱ्याच गाड्यांत दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

बी-२०४: साठलेल्या पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक लागत नाही, तेव्हा?

सी-५०२: मागे कोणी नाही ना बघून, हळू चालवत पेडल हलकं दाबत राहा. डिस्क घासून कोरडी झाली की लागतो.

डी-३०३: आमची इलेक्ट्रिक आहे, ती तर ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप मंदावते.

सी-५०२: हो, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ते मंदावणं कमी होतं, कारण वीज साठवायला जागाच नसते. घाटमाथ्यावर चार्ज करणार असाल तर १०० टक्के भरू नका.